कातळावर लिहिलेली सालं

रस्त्याच्या कडेला एक पाटी दिसते आणि तिच्यावर फक्त साल लिहिलेलं असतं. गावाचं नाव नाही, अंतर नाही. 2002. थोडं पुढे गेलं की दुसरी, 2004. पाटीच्या मागे काळाकुट्ट दगड डोंगरावरून समुद्रापर्यंत उतरलेला असतो, आणि त्या वर्षी हा दगड वितळलेला होता एवढंच त्या पाटीला सांगायचं असतं. मोटारसायकलवरून जाताना अशी सालं वाचत जाण्याचा रस्ता मी आयुष्यात एकच पाहिला. तो रेयूनियों बेटावरचा.

हिंदी महासागरात, मादागास्करच्या पूर्वेला, मॉरिशसच्या शेजारी हे बेट आहे. क्षेत्रफळ अडीच हजार चौरस किलोमीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या एखाद्या लहान जिल्ह्याहूनही लहान. पण त्याच्या मधोमध पितों दे नेझ हे 3,070 मीटरचं शिखर उभं आहे. कळसूबाई 1,646 मीटर. तिच्या जवळजवळ दुप्पट उंची, आणि तीही समुद्रापासून वीसपंचवीस किलोमीटरच्या आत. कारभार फ्रान्सचा, चलन युरो, गाड्या उजव्या बाजूने. बेट विषुववृत्ताच्या दक्षिणेला 21 अंशांवर आहे. आपलं नागपूर उत्तरेला तितक्याच अंशांवर. आणि आग्नेय कोपऱ्यात पितों द ला फुर्नेझ, म्हणजे भट्टीचं शिखर. जगातल्या सर्वांत जागत्या ज्वालामुखींपैकी हा एक. सतराव्या शतकापासून त्याचे दीडशेहून अधिक उद्रेक नोंदले गेले आहेत.

या भट्टीला वळसा घालणारा एक फेरा आहे. दक्षिणेच्या सँ-पिएर गावातून निघायचं, किनाऱ्याकिनाऱ्याने पूर्वेला सँ-बनवापर्यंत जायचं आणि तिथून डोंगराच्या खांद्यावरून चढून-उतरून परत सँ-पिएरला यायचं. साधारण दीडशे किलोमीटर. मधूनच ज्वालामुखीच्या काठापर्यंत जाणारा फाटा घेतला, तर दोनशेच्या घरात. एका दिवसाचं काम. मी तो भाड्याच्या मोटारसायकलवर दोनदा केला, जुलै महिन्यात, एकदा या दिशेने आणि एकदा त्या. कविता दुसऱ्यांदा वाचताना वेगळी लागते, तसाच रस्ताही. पण रस्त्याच्या बाबतीत दुसरं वाचन उलटीकडून करता येतं, आणि हा रस्ता तसा केल्याशिवाय मला समजलाच नसता.

पहिल्या दिवशी समुद्राकडून निघालो. गाड्या उजवीकडून चालतात, त्यामुळे बेटाला असा वळसा घातला की आपली बाजू समुद्राची असते. मध्ये दुसऱ्या बाजूची वाहनं नाहीत, कठड्यापलीकडे थेट लाटा. सँ-जोझेफपर्यंतचा पहिला टप्पा गर्दीचा आहे, त्यावर शब्द खर्च करायला नकोत. ऊसतोडणी सुरू असल्यामुळे लादलेले ट्रॅक्टर होते, त्यांच्यामागून जाताना हेल्मेटमध्ये कोल्हापूरकडच्या रस्त्यांचा वास भरला. सँ-जोझेफ मागे पडलं की रस्ता अरुंद होतो आणि सूर सापडतो. वळणं फार तीव्र नाहीत. एक संपत आलं की दुसरं हाताशी येतं, तिसऱ्या-चौथ्या गिअरच्या मध्येच सगळं वाहत राहतं. दोन्ही बाजूंना व्हाकोआ नावाची झाडं आहेत. ती आपल्या केवड्याच्या कुळातली. तशीच करवतकाठी पानं, तशीच जमिनीतून उचललेली आधारमुळं. तिथली माणसं या पानांच्या टोपल्या आणि टोप्या विणतात. वाऱ्याने ती पानं एकमेकांवर घासली की पाऊस आल्यासारखा आवाज होतो. मी फसून दोनदा वर पाहिलं.

खरा पाऊसही आलाच. हे बेटाचं पावसाळी अंग. आपल्याकडे पश्चिमेकडून ढग येतात, कोकण भिजतं आणि देश कोरडा राहतो. इथे वारे आग्नेयेकडून येतात, त्यामुळे पूर्वेला कोकण आणि पश्चिमेला देश. आरशात पाहिल्यासारखं. ज्वालामुखीच्या उतारावरच्या फोक-फोक या ठिकाणी जानेवारी 1966 मध्ये चोवीस तासांत 1,825 मिलिमीटर पाऊस पडला होता, तो आजही जागतिक उच्चांक आहे. पुण्याला दोन पावसाळ्यांत मिळूनही एवढा होत नाही.

सँ-फिलिपच्या पुढे जंगल रस्त्यावर वाकून येतं. या जंगलात झाडांच्या खोडांवर व्हॅनिलाचे वेल चढवलेले असतात. व्हॅनिला मूळची मेक्सिकोची. वेल इथे आणून लावला तरी त्याला शेंगा धरत नव्हत्या, कारण फूल उमलतं एका सकाळपुरतं आणि त्याचं परागीभवन करणारे कीटक इथे नव्हते. 1841 मध्ये याच बेटावर एदमों आल्बियुस नावाच्या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने काडीने फुलातला पडदा उचलून अंगठ्याने पराग दाबायची रीत शोधली. व्हॅनिलाचं फूल आजही त्याच रीतीने हाताने फळवतात. 1848 मध्ये बेटावरची गुलामी संपली. आल्बियुस मात्र 1880 मध्ये गरिबीतच गेला. त्या वेलांजवळ मी इंजिन बंद केलं. वास काहीच येत नव्हता. शेंग वाळवून मुरवल्यावरच तो येतो.

आता या रस्त्याचं मर्मस्थान. त्राँब्ले ही शेवटची वस्ती. तिच्यापुढे जंगल अजून दाट होतं, दोन्ही बाजूंच्या झाडीवर इंजिनाचा आवाज आपटून कानांशी परत येत असतो. मग एक वळण संपतं आणि झाडी एकदम थांबते. समोर दोन्हीकडे काळा दगड, वर ढगापर्यंत आणि खाली समुद्रापर्यंत. डोळ्यांना ते कळायच्या आधी कानांना कळतं, कारण इंजिनाचा परत येणारा आवाज नाहीसा होतो. आवाज अडवायला काही उरलेलंच नसतं. कवितेत यती असते ना, जिथे शब्द थांबतो पण लय चालू राहते, तशी ही जागा. रस्त्याच्या रचनेतली इतकी नेमकी शांतता मी दुसरीकडे अनुभवली नाही. गाडीच्या बंद काचांआडून ती मिळणार नाही. मोटारसायकलवाल्याचा हा हक्काचा आनंद.

या पट्ट्याला ग्राँ ब्र्युले म्हणतात, म्हणजे मोठं जळीत. ज्वालामुखीभोवती घोड्याच्या नालेसारखा कड्यांचा वेढा आहे, त्याची उघडी बाजू समुद्राकडे. आत उसळलेला लाव्हा बहुतेक वेळा वेढ्यातच राहतो आणि कधीमधी या उघड्या बाजूने रस्ता ओलांडून समुद्रात जातो. म्हणून इथे गाव नाही, शेत नाही, फक्त रस्ता. तो दर वेळी गाडला जातो आणि दर वेळी माणसं तो पुन्हा बांधतात. सर्वांत मोठा तडाखा एप्रिल 2007चा. त्राँब्लेच्या जवळ, जेमतेम सहाशे मीटर उंचीवर डोंगर फुटला, लाव्हा समुद्रात शिरून बेटाला नवी जमीन जोडून गेला आणि तिकडे शिखरावरचं विवर तीनशे मीटर खाली खचलं. नंतर कित्येक वर्षं पाऊस पडला की या दगडातून वाफा निघायच्या. त्यावरूनच आजचा रस्ता जातो.

पहिल्या दिवशी मी हे सगळं पाहिलं आणि थक्क झालो, पण ते थक्क होणं वेगवेगळ्या चित्रांचं होतं. पुढे सँत-रोज, सँ-बनवा, मग डावीकडे वळून डोंगर चढणं. अकरा वाजून गेले होते. वर ढग उतरले होते, ज्वालामुखीच्या फाट्याला पोचलो तोवर पुढच्या गाडीचा लाल दिवाही दिसेना. तसाच सँ-पिएरला उतरलो. सुंदर दिवस होता. पण शेवटची ओळ फाटलेली कविता वाचल्यासारखं वाटत राहिलं.

म्हणून एक दिवस सोडून उलट निघालो. पहाटे साडेचारला.

इथले लोक ज्वालामुखीकडे असेच जातात, ढगांच्या आधी. सँ-पिएरपासून रस्ता सरळ वर चढतो, आणि तासाभरात माणूस उसाच्या शेतांतून गायींच्या कुरणांत येतो. प्लेन दे काफ्र नावाचं हे पठार. अंधारात कुरणांच्या कडेचं काही दिसत नाही, फक्त गारठा वाढत जातो. हातमोज्यांच्या शिवणीतून तो बोटांत शिरतो. बुर-म्युरा गावात दिवे होते. इथेच ज्वालामुखीची वेधशाळा आहे, 1979 मध्ये स्थापन झालेली. डोंगर कुठे फुगला, कुठे थरथरला, याची नोंद तिथे रात्रंदिवस चालते. गावातून जंगलखात्याचा रस्ता फुटतो, चोवीसेक किलोमीटरचा.

या चोवीस किलोमीटरांना मी बेटावरचा सर्वोत्तम रस्ता म्हणेन. आधी झुडपं, मग खुरटलेली झुडपं, मग नुसते दगड. जणू लिहिणारा एकेक विशेषण काढून टाकत चालला आहे. उजाडायला लागतं आणि रस्ता एका कड्याच्या काठावर येतो. खाली प्लेन दे साब्ल. वाळूचं पठार असं नाव आहे, पण ती वाळू नाही, ज्वालामुखीची राखुंडी आहे, तांबूस-तपकिरी, आणि क्षितिजापर्यंत त्यावर गवताचं पातं नाही. रस्ता कड्यावरून नागमोडी उतरतो, डांबर संपतं आणि कच्चा, खड्ड्यांनी भरलेला पट्टा सुरू होतो. दुसऱ्या गिअरमध्ये, पायदाणांवर उभं राहून, गुडघे सैल सोडून चालवायचं. दात आपटतात. गुळगुळीत डांबरावरून हे पठार ओलांडणं मला आवडलं नसतं. इथे जमीन अजून जमीन व्हायची आहे, ते हातापायांना कळायलाच हवं.

मध्येच थांबलो. राखुंडीत मुठीएवढा एक काळा दगड पडला होता. त्यात मोहरीएवढे हिरवे कण चमकत होते, बाटलीच्या काचेसारख्या रंगाचे. ऑलिव्हिन. हे खनिज पृथ्वीच्या पोटातल्या रसात तयार होतं आणि लाव्हाबरोबर वर येतं. उन्हाच्या पहिल्या तिरिपेत तो दगड फिरवून पाहिला आणि होता तिथेच ठेवला. हे राष्ट्रीय उद्यान आहे आणि 2010 पासून युनेस्कोचा जागतिक वारसाही.

रस्ता पा द बेलकोंब इथे संपतो, 2,311 मीटरवर. पुढे कडा तुटतो, थेट वेढ्याच्या आत. मी हेल्मेट काढून काठावर गेलो आणि मला कोकणकडा आठवला. तोच अर्धगोल, तीच सरळ तुटलेली भिंत, तेच एकावर एक थर. फक्त तळाशी कोकणातली हिरवी गावं नव्हती, काळं पात्र होतं. मध्यभागी 2,632 मीटरचं भट्टीचं शिखर, शांत, बाजूंना गेल्या उद्रेकांचे ओघळ. पायथ्याशी फॉर्मिका लेओ नावाचा एक लहानसा तांबडा शंकू, 1753च्या उद्रेकातला. वारुळासारखा दिसतो.

कोकणकडा आठवणं हा योगायोग नव्हता, हे सांगायलाच हा लेख लिहायला घेतला आहे. बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात की, साडेसहा कोटी वर्षांहून जरा आधी आपल्या दख्खनवर ज्या स्रोतातून लाव्हाचे थर पसरले, तोच स्रोत आज या बेटाखाली आहे. समईची ज्योत जागेवर ठेवून तिच्यावरून कागद हळूहळू सरकवत न्यावा, म्हणजे कागदावर डागांची रांग उमटेल, तसं हे झालं. ज्योत पृथ्वीच्या पोटात होती तिथेच राहिली. वरचा कवचाचा तुकडा ईशान्येकडे सरकत गेला. पहिला आणि सर्वांत मोठा डाग म्हणजे दख्खन, पाच लाख चौरस किलोमीटरांचा. मग लक्षद्वीप, मालदीव, चागोस यांच्याखालची रांग, मग मॉरिशस, आणि आता रेयूनियों. सह्याद्री आणि हे बेट एकाच चुलीवरचे. थोरला थंड होऊन, झिजून, कडे आणि सुळके होऊन उभा आहे. धाकट्याच्या अंगात अजून ताप आहे.

हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. काठावर उभं राहिल्यावर पोटात उतरलं.

मग उतरायला लागलो. आणि उतरताना लक्षात आलं की आज मी लाव्हाच्याच दिशेने चाललो आहे, डोंगरातून समुद्राकडे. पहिल्या दिवशी आधी परिणाम पाहिला होता आणि कारण ढगात हरवलं होतं. आज कारण पाहून निघालो होतो. प्लेन दे पाल्मिस्तच्या उतारावर वृक्षनेचे छत्र्या उघडून उभे होते, रस्त्याकडेला लोक बोराएवढे लाल पेरू विकत होते. मी मूठभर घेतले, आंबट आणि किंचित राळेच्या चवीचे. त्याखालची वळणं चांगली आहेत, ओल्यात मात्र जपून. सँ-बनवा नुसतं ओलांडायचं.

सँत-रोजच्या पुढे पितों-सँत-रोज या गावात एक चर्च आहे. एप्रिल 1977 मध्ये डोंगर वेढ्याच्या बाहेर फुटला आणि लाव्हा या गावात शिरला. घरं गेली, जीवितहानी झाली नाही. चर्चच्या दारापर्यंत लाव्हा आला आणि दोन्ही अंगांनी वळसा घालून पुढे गेला. आज त्याला लाव्हाची माउली म्हणावी अशा नावाने ओळखतात. मी श्रद्धेबद्दल काही बोलणार नाही. पण दाराच्या बाजूला थांबलेल्या त्या दगडाच्या कडेला हात लावून पाहिला, तेव्हा आमच्याकडच्या वेशीवरच्या राखणदाराची आठवण झाली. बेटभर रस्त्यांच्या वळणांवर संत एक्स्पेदितची लालभडक देवळं दिसतात, दिवाळीत मुलं करतात त्या किल्ल्यातल्या देवळाएवढी. खिंडीत देव बसवायचाच, ही गरज दोन्हीकडच्या डोंगरातल्या माणसांची सारखीच.

खाली आँस दे कास्काद या खाडीत जेवलो. कड्यावरून धबधबे, माडाच्या जातीची झाडं, ओढून ठेवलेल्या होड्या. भात, डाळीसारखे शिजवलेले घेवड्याचे दाणे, कोंबडीचं कारी आणि बाजूला भाजीचं आचार. शब्दसुद्धा आचारच, फ्रेंच वळणाने उच्चारलेला. हळद होती, आलं-लसूण होता, नारळ नव्हता. बांधीव चवीचं, घरचं जेवण. भूक लागलेल्या माणसाला याहून वेगळं काही नको असतं.

जेवून निघालो तेव्हा दुपार होती, पण उजेड मावळायला लागला होता. या किनाऱ्याच्या पश्चिमेला अख्खा ज्वालामुखी उभा असल्यामुळे इथे सूर्य डोंगराआड लवकर जातो. आज समुद्र रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला होता, माझी बाजू डोंगराची. परवा ज्याचं मला दुःख झालं असतं तेच आज हवं होतं, कारण वाचायचा मजकूर डोंगराच्या बाजूला होता. आणि सालं! परवा ती मागे-पुढे वाटली होती. आज चर्चजवळचं 1977 मागे टाकलं, मग या शतकातले ओघ एकामागून एक आले आणि जळिताच्या दुसऱ्या टोकाला, त्राँब्लेच्या अलीकडे, सगळ्यांत रुंद 2007. त्यापलीकडे 1986चा एक ओघ वेढ्याबाहेर आहे, तो क्रम मोडतो. पण या काळ्या पट्ट्यात मी सरळ धाकट्या दगडाकडे जात होतो.

जुना ओघ आणि नवा ओघ यांत फरक कसा ओळखायचा, तेही चालवता चालवता शिकता येतं. जुन्यावर झुडपं असतात. त्याहून अलीकडच्यावर नेचे. नव्यावर फक्त करडी झाक, दुरून राख भुरभुरल्यासारखी. मी 2007च्या ओघावर गाडी उभी केली, खाली उतरलो आणि गुडघ्यावर बसलो. ती राख नव्हती. ते दगडफूल होतं, आपल्या मसाल्याच्या डब्यातल्या दगडफुलाचं लांबचं नातेवाईक, मुंगीएवढ्या पांढुरक्या फांद्यांचं. दगड दोरखंड पिळून ठेवल्यासारखा; वितळलेला असताना वरची साय आकसून तशा वळ्या पडतात. हातमोजा काढून एका वळीच्या खाचेत बोट घातलं. आत चिमूटभर माती होती. ओली, काळसर. दगडफुलाच्या कुजक्या फांद्या, वाऱ्याने आणलेली धूळ, झिजलेल्या दगडाची भुकटी. आणि त्यात बोटभर उंचीचा एक नेचा.

आमच्या घाटात रस्त्यासाठी कापलेल्या दरडींमध्ये काळ्या कातळाच्या दोन थरांमध्ये कधीकधी विटेच्या रंगाचा लाल पट्टा दिसतो, हातभर जाडीचा. ताम्हिणीत, वरंध्यात, कितीतरी वेळा तो पाहत गेलो आहे. एक लाव्हा थंड झाला, त्यावर माती जमली, आणि मग पुढच्या लाव्हाने ती भाजून गाडून टाकली, तिचा तो पट्टा. दोन उद्रेकांमध्ये जो निवांत काळ गेला, त्याची सह्याद्रीने ठेवलेली तेवढीच खूण. आत काय होतं, किती हिरवं होतं, काहीच उरलेलं नाही.

ते इथे माझ्या बोटाला लागलं होतं. पट्टा व्हायच्या आधीचं, कच्चं, हिरव्या कोंबासकट.

मी बराच वेळ तिथे होतो. एक ट्रक गेला, मग कुणीच नाही. वर वेढ्याच्या कडांवर ढग खाली उतरत होते आणि पावसाचे थेंब दगडावर पडले की त्यांचे काळे ठिपके उमटत होते. बोट पुसलं नाही, तसाच हातमोजा चढवला. त्राँब्लेच्या जंगलात शिरलो तेव्हा इंजिनाचा आवाज दोन्ही बाजूंनी परत आला.